वानगीचा खिळा

पहिल्या भेटीत चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, पायाकडं बघितलं. मी धाराशिवहून ईट गावाच्या बाजूला, त्यांच्या खवा केंद्रावर कॉम्प्युटर बसवायला गेले होते. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि पायात नवीकोरी टाचेची सँडल. चाचा सतरंजीवर चिठ्ठ्या पसरून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "सँडल लई झ्याक हाय, बेटी. पण तळवा अजून कोरा दिसतो."

मला असला राग आला! दहा-बारा दुकानांत हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवलेली बाई मी, आणि हा म्हातारा माझ्या चपलेचं माप काढतोय. "चाचा, कीबोर्ड हातानं चालवतात, पायानं नाही," मी फटकन बोलले. तर स्वारी चिडण्याऐवजी खूश. शेजारच्या वजनकाट्यावर बसलेल्या बाईंना म्हणाले, "कालिंदाबाई, हिला चहा सांगा. पोरीला तोंड हाय. आता फक्त पाय फुटले की झालं."

चाचा त्या केंद्राचे जुने मुनीम. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या भट्ट्यांत दूध आटवायचं, खव्याच्या पाट्या केंद्रावर यायच्या, तिथं वजन व्हायचं, प्रत ठरायची, डबे भरायचे आणि टेम्पो पुण्याला, हैदराबादला रवाना. सगळा हिशेब एकट्या चाचांकडं. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना चाचाच म्हणायची. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं असतं, तर 'कुणाला विचारून लिहिलं, चिठ्ठी कुठाय?' असं त्यांनी पहिलं विचारलं असतं.

चिठ्ठीचं त्यांना वेडच होतं. त्यांच्या जाकिटाच्या डाव्या खिशात न लागलेल्या, म्हणजे हिशेब अजून न जुळलेल्या चिठ्ठ्या, उजव्या खिशात लागलेल्या. डाव्या हातानं उजव्या खिशाला हात लावायचा नाही, असा नियम. एकदा कुणाच्या तरी लग्नात उजव्या हातात काठोकाठ भरलेला सरबताचा पेला असताना यांना उजव्या खिशातला रुमाल हवा होता, तर पेला खाली ठेवायला जागा मिळेपर्यंत घाम गाळत उभे राहिले. हे मला चाचींनी सांगितलं, कपाळावर हात मारून.

आणि दुसरं वेड म्हणजे 'मग?'. हा एक शब्द त्यांनी अख्ख्या जिल्ह्यात फिरवला. कंडक्टरनं पार्सलची पावती फाडली की चाचांचं सुरू, "ही एक माझ्याकडं. दुसरी?" "दुसरी पार्सलबरोबर." "मग?" "मग उतरवताना बघतात." "मग?" अशी सहा 'मग' झाल्यावर कंडक्टर हात जोडून म्हणाला, "चाचा, मग गाडी सोडू का आता?" दवाखान्यात सलाईन लावून पडले होते तरी सिस्टरला विचारत होते, माझ्या रक्ताची बाटली इथनं निघाली, मग? चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, कुठंही. वस्तू कुठनं निघते, कुणाच्या हातातनं जाते आणि कुठं थांबते, हे कळलं नाही तर त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

तरुणपणी ते तेरखेड्याला एका फटाक्यांच्या कारखान्यात कारकून होते. तिथली गोष्ट ते मला शंभरदा ऐकवायचे. "दारूकामात खोल्या लांब लांब असतेत, बेटी. एकीत ठिणगी पडली तर दुसरी वाचावी म्हणून. आता या खोलीतल्या माणसानं त्या खोलीत पळत जाऊन इचारायचं, किती वाती दिल्या? न्हाय चालत! म्हणून म्या हर खोलीला तिची तिची वही दिली. आन् इथं? इथं खवा गरम येतो, थांबत न्हाय. मोठी वही उघडेपर्यंत पाटी पुढं गेलेली. म्हणून चिटुकली चिठ्ठी. जसं काम तशी वही. वहीला साजंल असं काम करा म्हणलं, की समजायचं मुनीम अडाणी हाय."

मी मान डोलवायचे आणि मोबाईल बघायचे.

चाचांच्या टेबलामागच्या भिंतीवर ओळीनं सात खिळे ठोकलेले होते. पाटी आली की तिची चिठ्ठी पहिल्या खिळ्यावर. वजन झालं की दुसऱ्यावर. मग प्रत, डबा, थंड खोली, असं करत टेम्पो सुटला की शेवटच्या खिळ्यावर. संध्याकाळी शेवटचा खिळा भरलेला आणि बाकीचे रिकामे दिसले की चाचा टोपी घालून घरी निघायचे. मधल्या कुठल्या खिळ्यावर चिठ्ठी राहिली, तर माल तिथं अडकलाय, वही उघडायचीही गरज नाही. आज लोक लाखो रुपये देऊन स्क्रीनवर जे बघतात, ते या माणसानं सात खिळ्यांवर टांगलं होतं. ही अक्कल मला आज आली. तेव्हा मी फक्त भिंतीचा फोटो काढला.

वजन आणि प्रत यांच्या मधल्या तिसऱ्या खिळ्यावर मात्र चिठ्ठी नसायची. तिथं एक पांढरी कापडी पिशवी लोंबायची. मी धाराशिवला बसणाऱ्या मालकांना फोन लावला. वडील वारल्यावर दोन वर्षांपूर्वी धंदा त्यांच्याकडं आला होता. "तिसरा खिळा कशाचा?" म्हटलं. ते म्हणाले, "काय नाय हो मॅडम, पिशवी अडकवायचाय." झालं. मी माझ्या कागदावर सहा पायऱ्या लिहिल्या आणि सहा स्क्रीन बनवायला घेतल्या.

चाचांना का नाही विचारलं? ते तर समोरच बसले होते. त्याचं कारण सरळ आहे. त्यांना विचारलं की ते एकच उत्तर द्यायचे. "एक दिवस मालाबरोबर चाल. भट्टीवरनं पाटीसंगं निघ, टेम्पोपर्यंत ये. मग बसव तुझा कॉम्प्युटर." तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा मी म्हणाले, "चाचा, तुम्ही तोंडी सांगा, मी लिहून घेते." तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून पुसला. "तोंडानं सांगितलेलं काम आन् हातानं केलेलं काम सख्खे भाऊ न्हायत, बेटी. सावत्र असतेत." मी हसले. पहाटे पाचला भट्टीवर जाऊन धूर खायची माझी इच्छा नव्हती, एवढंच खरं.

कॉम्प्युटर चालू झाला. मालकांनी चाचांना शाल-श्रीफळ दिलं, भाषण केलं आणि घरी पाठवलं. खिळे उपसून भिंतीला आकाशी रंग दिला. चाचांनी सातही खिळे कागदात गुंडाळून खिशात टाकले. उजव्या खिशात, हे मी बघितलं.

एक राहिलंच. चाचांच्या घरात खोडरबराला बंदी होती. चुकीची नोंद खोडायची नाही, त्याच पानावर उलटी नोंद घालायची, सगळ्यांना दिसेल अशी. हा त्यांचा कायदा. आणि तो वहीपुरता नव्हता. एकदा चार पाहुण्यांसमोर ते चाचींना म्हणाले, "आज चिंचेचा खट्टा लई आंबट झालाय." दोन दिवसांनी कळलं, यांच्याच तोंडात फोड आले होते, खट्टा बरोबर होता. तर त्याच चार पाहुण्यांना पुन्हा जेवायला बोलावलं आणि पहिल्या घासाआधी जाहीर केलं, "परवा म्या चुकलो. खट्टा चांगला होता." चाची आजही सांगतात, "यांची उलटी नोंद, आणि चौघांचा स्वयंपाक पुन्हा माझ्या डोक्यावर!"

तर चार महिने झाले, आणि एका दुपारी मालकांचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर एक नंबर! चोर सापडला." रोज आलेला खवा आणि गेलेला खवा यांत दीड-दोन किलोची तूट दिसत होती. रोज! मालक न सांगता संध्याकाळी केंद्रावर गेले, तर काट्यावरच्या कालिंदाबाई टेबलाखालच्या पिशवीतून खव्याचे गोळे काढून बायांना वाटत होत्या. "मी म्हटलं, हे काय? तर म्हणते वानगीचं आहे. मला एक सांगा, तुमच्या प्रोग्राममध्ये वानगी नावाचं काही आहे का?"

मी सहाही स्क्रीन डोळ्यांपुढं आणल्या. "नाही," मी म्हणाले.

हे माझं 'नाही' मालकांनी फोनचा आवाज मोठा करून चौघांसमोर ऐकवलं होतं, ते मला नंतर कळलं. अकरा वर्षं काट्यावर बसलेल्या बाईला त्यांनी तिथंच चोर म्हटलं, घरी बसवलं आणि चार महिन्यांची भरपाई भरा, नाहीतर पोलिसांत देतो, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी रात्री चाचांचा फोन. सलाम नाही, दुआ नाही. "कालिंदाबाई माझ्या घरी येऊन गेल्या. सकाळी पाच वाजता भट्टीवर ये. चप्पल घालून ये, सँडल न्हाय."

गेले. पर्याय काय होता? गावाबाहेरच्या एका भट्टीवर चाचा आधीच उकिडवे बसलेले. कढईत खवा घट्ट होत आलेला, भट्टीवाला घामानं निथळत तो घोटत होता. गोळा पाटीत पडला, ओल्या फडक्यानं झाकला, पाटी भट्टीवाल्याच्या मोटारसायकलवर बांधली. आम्ही आपले मागून चालत निघालो. चांगलं अडीच किलोमीटर. मी म्हटलं, "चाचा, आपणही गाडीवर..." तर म्हणाले, "पाटी गाडीवर गेली, तू चालत ये. वाटंत कोण थांबवतो, काय काढतो, इचारत ये." वाटेत कुणी काही काढलं नव्हतं. माझी कंबर तेवढी निघाली.

केंद्रावर पोचलो. रांग सरकून आमची पाटी काट्यावर चढली, नव्या माणसानं वजन माझ्या स्क्रीनवर टाकलं. "मग?" चाचा म्हणाले. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, डबे भरणाऱ्या एका बाईनं पाटीतून लिंबाएवढा गोळा काढला. चिमूटभर तळहातावर घासला, तूप सुटतंय का बघितलं, रवा बोटांनी चाचपला, जरा जिभेवर ठेवला. "एक नंबर हाय," म्हणाली, आणि उरलेला गोळा टेबलाखालच्या पांढऱ्या पिशवीत टाकला.

"हे काय?" मी विचारलं.

"वानगी, ताई," ती म्हणाली. "वानगी बघितल्याबिगर माल पुढं कसा जाईल?"

"मग?" चाचा.

"मग सांजच्याला समद्या बाया वाटून घेतो. लेकरांला. थोरल्या मालकांपासनं रीत हाय."

"मग वजन? पिशवीचं?"

बाईनं चाचांकडं असं बघितलं, की यांना झालंय तरी काय. "आवो, वजन तर तुम्हीच करायचा की! घरी जायच्या टायमाला. तुम्ही गेला, तवापासनं कोण करतंय?"

चाचा उठले. आकाशी भिंतीवरून तळहात फिरवत गेले आणि एका जागी थांबले. रंगाऱ्यानं लांबी भरून बुजवलेलं तिसऱ्या खिळ्याचं भोक होतं ते. दिवसभर मी तिथंच बसून राहिले, प्रत्येक पाटी मोजत. संध्याकाळी पिशवी काट्यावर टाकली. पावणेदोन किलोला चार-दोन ग्रॅम कमी. माझ्या स्क्रीनवरची त्या दिवसाची तूट तेवढीच होती.

म्हणजे बाई चोर नव्हती. माझ्या प्रोग्रामला एक खिळा कमी होता. आणि कालिंदाबाई खरं बोलत असताना त्यांना खोटं पाडलं ते मी, एका शब्दात.

दुसऱ्या दिवशी मालक आले. कालिंदाबाईंना बोलावलं होतं. त्या दाराशी पदर घट्ट धरून उभ्या, आत येईनात. चाचांनी सगळं सांगितलं, पिशवीचं वजन दाखवलं. मालक शहाणे, त्यांना पटलं. पण पटलं तसा पारा चढला. "मग ही चूक कुणाची? एका बाईच्या इज्जतीचा प्रश्न झाला इथं! मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का वानगीचं?"

त्या आठवड्यात मालक मला ओळखीच्या तीन केंद्रांचं काम मिळवून देणार होते. बोलणी झाली होती. ऑफिसच्या भाड्याचा, नव्या कॉम्प्युटरच्या हप्त्याचा सगळा हिशेब मी त्यावर मांडला होता. मी लॅपटॉपच्या बॅगेची चेन लावत बसले.

"तिला कोण सांगणार?" चाचा म्हणाले. "म्याच सांगायचं होतं, म्याच इसरलो. चूक माझी."

तीनदा बोलावलं होतं या माणसानं मला! आणि आता तो माझ्याकडं न बघता, जाकिटाची बटणं चाचपत उभा होता.

"म्हातारपणी डोकं चालत नाही, चाचा, तर तसं सांगायचं तरी," मालक म्हणाले. "उगाच एका गरिबाचं नाव गेलं." चाचांनी मान हलवली. मग म्हणाले, "ते बरोबर हाय. पण मालक, चोर चौघांसमोर म्हणाला होतात. आता उलटी नोंद त्याच पानावर घाला." मालकांनी जरा आढेवेढे घेतले, पण डबे भरणाऱ्या बायांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर कालिंदाबाईंना म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. तुम्ही काट्यावर या." कालिंदाबाई आत आल्या. काट्याजवळ गेल्या, पदरानं पारडं पुसलं आणि तिथंच खाली बसून हमसून हमसून रडल्या.

मी गप्प होते. गाडीत बसून धाराशिवला आले, तरी गप्पच.

तीन केंद्रांचं काम मला मिळालं. घास मात्र गोड लागेना. त्या पंधरा दिवसांत केंद्रावर जे कुणी भेटायचं ते चाचांविषयी हळहळायचं. "एवढा पक्का माणूस, पण शेवटी इसरला बघा." एक भट्टीवाला तर हसून म्हणाला, "चाचाचा खिळा निखळला." मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोळाव्या दिवशी मालक केंद्रावर येणार आहेत असं कळलं, तशी मी गेले. बायांना बोलावलं, कालिंदाबाईंना बोलावलं, तो भट्टीवाला होता त्यालाही थांबवलं. मग मी म्हणाले, "वानगीची चूक चाचांची नव्हती. त्यांनी मला तीनदा मालाबरोबर चालायला बोलावलं होतं. मी गेले नाही. फोनवर 'नाही' म्हणाले ती मी, आणि त्या दिवशी गप्प बसले तीही मीच."

मालकांनी घड्याळ बघितलं. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, त्या तीन केंद्रांचं जरा थांबवूया." ते थांबलं ते थांबलंच. कालिंदाबाई मात्र मागून आल्या. हातात कागदाचा पुडा. "वानगी हाय," म्हणाल्या, "वजन करून दिलीय."

तो पुडा घेऊन मी लगेच चाचांकडं जायला हवं होतं. नाही गेले, तोंड दाखवायला धजावले नाही. पुढं दुसरीकडची छोटी-मोठी कामं घेत राहिले. एक डाळमिल, एक शेळीबाजाराचा आडत्या, एक पशुखाद्याचं दुकान. उन्हाळा गेला, आणि चाची बाजारात भेटल्या. चाचा अंथरुणाला खिळलेत म्हणाल्या. तशीच गेले.

खाटेवर पडले होते, जाकीट अंगात तसंच. उशाच्या वर भिंतीत सात खिळे ठोकलेले. गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर चालल्या होत्या. सकाळची, दुपारची, घेतलेली. चाची म्हणाल्या, "मला कामाला लावलंय. डाव्या हातानं चिठ्ठी काढली की ओरडतात."

मी खाली जमिनीवर बसले. "चाचा, मी केंद्रावर सगळ्यांसमोर सांगितलं. चूक माझी होती म्हणून."

"मग?" आवाज बारीक झाला होता.

"मग तिन्ही कामं गेली."

"मग?"

"मग... आता कुठलंही काम घेतलं की आधी चालते. डाळमिलला चार दिवस पोत्यांमागं हिंडले. आडत्याकडं शेळ्यांमागं. तिथं तर शेळीच्या दाव्याला गाठ मारली की सौदा पक्का, कागद नंतर. मी आधी गाठीचीच नोंद ठेवली."

चाचांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं मला. मग म्हणाले, "अगं, हिची चप्पल आण जरा दारातली."

"या अल्ला, बिछान्यावर चप्पल?" चाची कडाडल्या. पण आणली. चाचांनी ती दोन्ही हातांनी धरली, उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेऊन तळवा बघत राहिले. टाचेजवळ आरपार भोक पडलं होतं, त्यात त्यांनी बोट घालून बघितलं.

मग चप्पल छातीवर ठेवली आणि उजव्या खिशावर हात थोपटून चाचींना म्हणाले, "ही लागली बघ."